काळी जीभ कापायची दोरी : काल्मीक लोकांचे शकुन-अपशकुन

सागरगोटा

परवा आईकडे भाच्याची दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या, सगळं साग्रसंगीत. मिरच्या तव्यावर टाकल्या तरी कुणाला ठसका लागला नाही, मग "बघा, केवढी लागली होती!" यावर अर्धा तास चर्चा. आणि मला एकदम एज आठवली.

एज म्हणजे आजी, काल्मीक भाषेत. माझ्या रूममेटची ही आजी. वोल्गा नदी कास्पियन समुद्राला मिळते तिथे आस्त्राखान नावाचं शहर आहे, तिथे मी सहा वर्षं डॉक्टरकी शिकले. रूममेट शेजारच्या काल्मीकियाची, हे रशियातलंच एक प्रजासत्ताक. चेहरा मंगोल, पासपोर्ट रशियन, गळ्यात कातडी ताईत. त्या ताईताला ते बू म्हणतात, आत घडी घातलेला मंत्राचा कागद असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं हिच्या पूर्वजांनी चीनमधून येऊन दुकान टाकलं असेल. माझं अज्ञान पोत्यानं मोजायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हे मूळचे ओइरात, म्हणजे पश्चिम मंगोल. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गुरंढोरं, तंबू घेऊन सरकत सरकत वोल्गाकाठी आले. १७७१ साली त्यांचा उबाशी खान बहुतेक सगळ्यांना घेऊन परत पूर्वेकडे निघाला आणि वाटेत भयानक माणसं मेली. त्या वर्षी नदी नीट गोठली नाही, म्हणून पश्चिम काठावरचे अडकून राहिले असं सांगतात. आजचे काल्मीक म्हणजे त्या मागे राहिलेल्यांचे वंशज. धर्म तिबेटी बौद्ध, गेलुग पंथ, दलाई लामांचा. राजधानी एलिस्ता.

तर दुसऱ्या वर्षी सुट्टीत मी तिच्या गावी गेले. आस्त्राखानहून बसनं जवळजवळ दिवस जातो. बाहेर गवत, गवत आणि गवत. दारात पोचले, दमलेली होते, बॅग उंबरठ्यावर टेकवली आणि तिथेच टेकले. आतून एज अशी काही ओरडली की मी उडालेच. उंबरठ्यावर बसायचं नाही, उभं राहायचं नाही, पाय द्यायचा नाही. मी म्हटलं आमच्याकडेही नाही बसत, नरसिंहानं हिरण्यकश्यपूला तिथेच फाडला. रूममेटनं भाषांतर केलं. एज बराच वेळ विचार करून म्हणाली, "मग माहीत असून का बसलीस?"

त्या चार दिवसांत मी एक वही भरली. अशा 'करायचं नाही' गोष्टींना त्यांच्याकडे त्सेर म्हणतात, आणि शकुनाला, खास करून वाईट शकुनाला, योर. काही आठवतात त्या लिहिते, क्रम नाही.

घरात शीळ घालायची नाही, वारा येतो. आपल्याला हे गमतीचं वाटतं, पण तिथला वारा एकदा अनुभवा. धुळीची वादळं येतात तेव्हा समोरचं घर दिसत नाही. चुलीत कचरा टाकायचा नाही, आगीवर पाणी ओतायचं नाही, विस्तव सुरीनं ढोसायचा नाही. आग म्हणजे घरातली देवता. शरदात तिची वेगळी पूजा असते, गाल त्यालगन, त्यात मेंढीचं मांस आणि चरबी आगीला देतात. सूर्य बुडाल्यावर नखं कापायची नाहीत (इथे मी हात वर केला, आमच्याकडेही!). डोक्यामागे हात गुंफून लोळायचं नाही, गुडघ्यांना मिठी मारून बसायचं नाही, गालाला हात लावायचा नाही. या तिन्ही बसण्या दुःखात असलेल्या माणसाच्या, पोरक्या माणसाच्या. तशा बसलात की दुःखाला वाटतं, इथे आपली जागा आहे. टोपी जमिनीवर ठेवायची नाही, बोटावर गरगर फिरवायची तर मुळीच नाही.

लांडगा दिसला तर मात्र चांगलं! मेंढ्या पाळणाऱ्या लोकांत हे ऐकून मी चाटच पडले. पण त्याचं नाव घ्यायचं नाही, 'तेंगरीन नोखा' म्हणायचं, म्हणजे आभाळाचा कुत्रा.

आता मुख्य गोष्ट. त्या वर्षी माझी शरीररचनेची परीक्षा दोनदा गेली होती. एजला हे कळलं. तिनं माझ्याकडे बघून एकच प्रश्न विचारला: "तुझं कौतुक कोण करतं फार?" मी म्हटलं, सगळेच. गावातली पहिली मुलगी परदेशी शिकायला आली वगैरे. झालं. दुसऱ्या दिवशी शेजारची एक बाई आली. अशा बाईला किंवा बुवाला मेदल्ग्च म्हणतात, सरळ अर्थ 'जाणणारा'. तिनं काळी आणि पांढरी लोकर एकत्र वळून दोरी केली. वळायची ती उलट्या दिशेनं. एरवी त्यांचं प्रत्येक शुभ काम सूर्याच्या दिशेनं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखं चालतं. हे मात्र मुद्दाम उलटं. मग पुटपुटत, एकेका शापाचं नाव घेत, सुरीनं दोरीचे तुकडे केले. तुकडे आगीत. याला खार केल्न उतल्लगन म्हणतात: काळी जीभ कापणे. लोकांच्या तोंडून निघालेलं वाईट, आणि नको इतकं चांगलंही, तुमच्याभोवती दोरीसारखं गुंडाळलं जातं. ते कापून टाकायचं.

मी तिसऱ्यांदा पास झाले. आपल्या इथला तर्कट येऊन सांगायच्या आधी मीच सांगते, तिसऱ्यांदा मी अभ्यासही केला होता.

निघताना एजनं बसच्या चाकावर थोडं दूध शिंपडलं. ड्रायव्हर शांतपणे थांबला होता, त्याला सवय असणार. ती म्हणाली, "त्सागान खाल्ग." पांढरी वाट. प्रवासाला निघालेल्याला तिकडे हेच म्हणतात. वाट पांढरी असू दे.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंय का? मंगोलिया, तिबेट, कुठलंही चालेल. लिहा.

---

ताकभात

वा! फार दिवसांनी इथे काही वेगळं वाचलं. बसच्या चाकाला दूध म्हणजे आपलं चाकाखालचं लिंबू. आमच्याकडे नवी गाडी आली की चार लिंबं चिरडल्याशिवाय शोरूमवाला किल्ली देत नाही.

---

तर्कट

नाव घेतलंत म्हणून आलो.

लेखन छान आहे, पण एक सांगा ताई. आपल्याकडे याच प्रकारांविरुद्ध इतकी वर्षं लढून २०१३ साली कायदा आला. आणि आपण दुसऱ्या देशातल्या त्याच गोष्टींचं कौतुक करायचं? 'जाणणारी बाई' म्हणजे मांत्रिकच ना?

---

सागरगोटा

@तर्कट, प्रश्न रास्त आहे. त्या बाईनं पैसे मागितले नाहीत, विटेसारख्या दाबलेल्या चहाचं एक पुडकं नेलं. औषध बंद करा असंही म्हणाली नाही. कायदा ज्यासाठी आहे ते शोषण, फसवणूक, जीव घेणं, यातलं काही मला दिसलं नाही. उद्या तिनं कुणाच्या तापावर दोरी कापली आणि दवाखान्यात जाऊ दिलं नाही, तर मी पहिली भांडेन. डॉक्टर आहे मी.

मी हे लिहिलं त्यामागे दुसरं कारण आहे, खाली सवडीनं लिहिते.

---

जुनापुराणा

उंबरठ्यावरून आठवलं. हे मंगोलांचं फार जुनं आहे. १२५४ मध्ये रुब्रुक नावाचा ख्रिस्ती साधू मंगके खानाच्या छावणीत होता. भेट संपवून खानाकडे तोंड करून नमस्कार करत मागे मागे येताना त्याच्या साथीदाराचा पाय उंबरठ्याला लागला. लगेच पकडला. 'यांना कुणी सांगितलं नव्हतं' म्हणून जीव वाचला, पण पुन्हा खानाच्या तंबूत पाऊल टाकू दिलं नाही. तुम्ही तर चक्क बसलात! स्वस्तात सुटलात.

दुसरं म्हणजे खांद्याच्या हाडाचा शकुन. मेंढीचं खांद्याचं चपटं हाड मांस खाऊन साफ करायचं, विस्तवावर धरायचं आणि तडे कसे जातात ते वाचायचे. अठराव्या शतकात पल्लास हा निसर्गशास्त्रज्ञ वोल्गाकाठी फिरला, त्यानं काल्मीकांची ही विद्या नोंदवून ठेवलीय. कुठल्या तड्याचा काय अर्थ, हे सांगणारे जाणकार तेव्हा होते. आता कुणी करतं का तिथे?

---

सागरगोटा

मी स्वतः पाहिलं नाही काका. ताटातलं ते हाड कुणाला द्यायचं यावर मात्र घरात मानपान होता.

---

निंबोणी

नावांबद्दल काही कळलं का? आमच्या आजोबांचं नाव धोंडू. आधीची तीन भावंडं गेली, म्हणून यमाला वाटावं की हा धोंडाच आहे, नेऊन काय करायचंय. त्यांच्या बहिणीचं नाव केरू. तिला तर केरात ठेवून सुपातून उचलून आणली होती म्हणे.

---

सागरगोटा

निंबोणीताई, अगदी हेच! कुत्रा या अर्थाचं 'नोखा' हे नाव ठेवत. 'मू-कोव्यून' म्हणजे वाईट मुलगा. आजही त्यावरून पडलेली आडनावं आहेत. कॉलेजात आमच्या वर्गात असं आडनाव असलेला मुलगा होता, दिसायला राजबिंडा, आणि आडनावाचा अर्थ 'वाईट पोराचे'. त्याला विचारलं तर म्हणाला, "माझ्या खापरपणजीनं मृत्यूला फसवलं, मला लाज कसली?"

उलट परक्या जातीची नावंही ठेवायचे, 'ओर्स' म्हणजे रशियन वगैरे. मृत्यू शोधत आला तर त्याला वाटावं, चुकीच्या घरी आलो.

---

कावळा_शिवला_नाही

दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरड्या... आणि तिकडे कुत्रा आणि वाईट पोरगं. यम दोन्हीकडचा सारखाच बावळट दिसतोय.

---

हुबळीकर

आम्ही मूळ बेळगावचे, आता हुबळीत. इथून दीड-दोन तासांवर मुंडगोड. तिबेटी निर्वासितांची वसाहत. तिथे द्रेपुंग गोमांग मठ आहे, आणि त्यात काल्मीक भिक्खू शिकतात, हे मला तिथे जाऊनच कळलं. मी त्यांना नेपाळी समजत होतो. एकाशी हिंदीत बोललो, बरी बोलत होता. म्हणाला, घरी फोन केला की आजी आधी हवामान विचारते, मग मठात चहा मिठाचा मिळतो का ते विचारते.

काल्मीकांचे प्रमुख लामा राहिलेले तेलो तुल्कू रिनपोछे याच मठात लहानाचे मोठे झाले. जन्म अमेरिकेत, फिलाडेल्फियात, शिक्षण आपल्या उत्तर कन्नडात, आणि १९९२ ते २०२३ जबाबदारी काल्मीकियाची. तीन खंड झाले.

सांगायचा मुद्दा वेगळा होता. त्या भिक्खूला मी विचारलं, तुमच्याकडे दृष्ट काढतात का? तो हसून म्हणाला, "मठात नाही. आजीकडे."

---

सागरगोटा

हुबळीकर, तुम्ही नेमकं माझ्या मनातलं आणलंत. आता ते 'दुसरं कारण' लिहिते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस काल्मीकियात एकही खुरूल, म्हणजे मंदिर, चालू उरलं नव्हतं. पाडली, गोदामं केली, लामा तुरुंगात नाहीतर मारले गेले. मग २८ डिसेंबर १९४३. पहाटे सैनिक दारात, थोड्या वेळात सामान बांधा, गाडीत बसा. नव्वद हजारांहून जास्त माणसं, म्हणजे सगळीच्या सगळी जमात, जनावरांच्या डब्यांतून सैबेरियात. आरोप असा की जमातच्या जमात देशद्रोही. भर हिवाळा. कितीतरी वाटेतच गेले, पुढच्या दोन-तीन वर्षांत आणखी. परतायची परवानगी मिळेपर्यंत तेरा वर्षं गेली.

एज तेव्हा सात वर्षांची. तिच्या आईनं देवघरातला छोटा बुर्खान (बुद्धमूर्ती) पोलक्याच्या अस्तरात शिवून घेतला होता. डब्यात कोण मेलं की पुढच्या थांब्यावर बर्फात ठेवायचे. ना लामा, ना मंत्र. तर तिची आई आणि आणखी दोन बायका जेवढं तोंडपाठ होतं तेवढं पुटपुटायच्या. अर्धा मंत्र, अर्धा विसरलेला.

परतल्यावरही मंदिर नव्हतंच. पहिलं प्रार्थनाघर उघडलं १९८९ मध्ये. म्हणजे मधली पन्नास वर्षं धर्म होता कुठे? स्वयंपाकघरात. चांद्र महिन्यातले ८, १५ आणि ३० हे त्यांचे उपासाचे दिवस, मात्सग. त्या दिवशी म्हाताऱ्या एकमेकींकडे 'चहाला' जमायच्या, पडदे ओढून माळ ओढायच्या. चहाचा पहिला वाडगा देवासमोर, त्याला देज म्हणतात. आपला नैवेद्य म्हणा. तेवढं करायला लामा लागत नाही, ग्रंथ लागत नाही, परवानगी लागत नाही.

म्हणून 'शीळ घालू नकोस' हे मला नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही, तर्कट. ग्रंथ जाळले गेले, लामा गेले, आणि पोरांना 'उंबरठ्यावर बसू नकोस' म्हणून ओरडणाऱ्या बायका उरल्या. भाषासुद्धा बरीचशी त्या ओरडण्यातच उरली. माझी रूममेट काल्मीक बोलू शकत नाही, पण आजीच्या शिव्या आणि त्सेर तिला अस्खलित येतात.

---

तर्कट

हे माहीत नव्हतं. मंत्राचा परिणाम होत नाही यावर मी ठाम आहे. पण डब्यातल्या बायकांवर बोलायला माझ्याकडे काही नाही.

---

न्यूजर्सीची_मावशी

मी एडिसनला. इथून पाऊणएक तासावर हॉवेल म्हणून गाव आहे, तिथे काल्मीक लोक राहतात हे सांगितलं तर माझ्या नवऱ्याचा विश्वास बसेना. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकलेले काल्मीक १९५१-५२ मध्ये अमेरिकेनं घेतले, त्यातले बरेच इथे. गेशे वांग्याल नावाच्या काल्मीक लामांनी इथे १९५० च्या दशकात मठ काढला, अमेरिकेतल्या तिबेटी बौद्ध धर्माची ती अगदी सुरुवात.

मुलीच्या शाळेतल्या एका काल्मीक आईनं आम्हाला झुलला बोलावलं होतं. झुल म्हणजे दिवा. डिसेंबरच्या आसपास येतो, तिथीप्रमाणे. आणि सागरगोटा, तुम्ही हे कसं नाही लिहिलंत? कणकेची छोटी होडी करतात, तिच्यात तूप, आणि तुपात वाती. वाती गवताच्या काड्यांना कापूस गुंडाळून. ज्याच्या नावाची होडी, त्याच्या वयाइतक्या वाती, वर आणखी. त्या दिवशी सगळ्यांचं वय एकदमच एक वर्षानं वाढतं! वाढदिवस कधीही असो. डिसेंबरात जन्मलेलं बाळ आठवड्याभरात 'मोठं' होतं.

मी तिथे उभी राहून रडायच्या बेतात. आमच्याकडे दिव्यांच्या अवसेला आई कणकेचे दिवे करायची, गूळ घालून, आणि लेकरांना ओवाळायची. न्यू जर्सीत बर्फात, परक्या घरात, कणकेचा दिवा!

---

सागरगोटा

अहो मावशी, झुल मला परीक्षांमुळे कधी मिळालाच नाही! म्हणून लिहिलं नाही. छान लिहिलंत. वाती पूर्ण जळू द्यायच्या असतात ना? एज सांगायची, वात लवकर विझली तर म्हातारी माणसं कुजबुजतात, पण त्या माणसाला सांगत नाहीत.

---

न्यूजर्सीची_मावशी

हो, पूर्ण जळू दिल्या. ७२ वर्षांच्या आजोबांची होडी म्हणजे छोटी होळीच झाली होती, धुराचा अलार्म वाजला. अग्निशमनवाले यायच्या आत खिडक्या उघडल्या.

---

वाटसरू७

सगळं सगळं 'आपल्यासारखंच' चाललंय म्हणून थोडा खडा टाकतो. कणकेचा दिवा दिसला की आपण गहिवरतो, पण झुल हा त्सोंगखापांच्या स्मरणाचा सण, गेलुग पंथाचा संस्थापक तो. आणि मेंढीची चरबी आगीला देणं, लांडग्याला शुभ मानणं, यात 'आपलं' काहीच नाही. ते गवताळ मैदानातल्या पशुपालकांचं जग आहे. आपण शेतकरी. साम्य शोधताना फरक पुसू नका एवढंच.

शिवाय काही गोष्टी तर रशियन शेजाऱ्यांच्याही असतील. रिकामी बादली घेऊन बाई समोर आली की अपशकुन, हे रशियात सर्रास मानतात.

---

सागरगोटा

एकदम मान्य. रिकाम्या बादलीचं एजही मानायची, आणि ते कुठून आलं तिलाही माहीत नव्हतं.

फरकाचंच एक उदाहरण देते. पांढरा म्हातारा, त्सागान आव. लांब पांढरी दाढी, हातात काठी. हा जमिनीचा, आयुष्याच्या वर्षांचा धनी. सायगा म्हणून त्या मैदानात एक हरीण असतं, सोंडेसारख्या विचित्र नाकाचं. ते म्हणजे या म्हाताऱ्याची गुरं. त्यामुळे सायगा मारताना शिकारी बिचकायचा, मालकाची परवानगी नसेल तर शाप लागतो. आपल्याकडे असा कुणी डोळ्यासमोर येत नाही. म्हसोबा-खंडोबा जवळ जातील, पण हरणांचा गुराखी नाही.

दुर्दैव असं की गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शिंगांसाठी सायगाची इतकी चोरटी शिकार झाली की कळप भयंकर घटले. म्हाताऱ्याची भीती कमी पडली, असं एज म्हणायची.

---

ताकभात

सागरगोटा, शब्दांबद्दल काही? संस्कृत वगैरे पोचलंय का तिकडे? बौद्ध आहेत म्हणून विचारतोय.

---

जुनापुराणा

मी सांगतो. बदमा हे काल्मीक नाव फार आढळतं, ते पद्म. एर्द्नी म्हणजे रत्न, ओचिर म्हणजे वज्र. मधे तिबेटी-उइगुर वळणं घेऊन गेलेत, म्हणून चेहरा बदलला. आणि पवित्र पाण्याला, झऱ्याला ते अर्शान म्हणतात, ते आपलं रसायन! हजार मैल पायपीट करून रसायनाचं अर्शान झालं.

वारांवरून नावंही ठेवतात. पुर्व्या म्हणजे गुरुवारचा, बेम्ब्या म्हणजे शनिवारचा. हे शब्द तिबेटी. आपल्याकडचे बुधाजी-सोमाजी आठवा.

---

सागरगोटा

अर्शानवरून आठवलं. खार-बुलुक नावाच्या खेड्याजवळ उघड्या माळावर एकच झाड आहे, पॉप्लरचं. दुसरं झाड नजरेच्या टप्प्यात नाही. पुर्दाश नावाच्या लामानं एकोणिसाव्या शतकात लावलं असं सांगतात. तिबेटहून परत येताना पोकळ काठीत बी आणलं होतं म्हणे. खाली उतारावर झरे आहेत, सात मोजतात. लोक येतात, झाडाला सूर्याच्या दिशेनं तीन फेऱ्या घालतात, रंगीत फिती बांधतात, दूध शिंपडतात, झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून नेतात.

मी गेले तेव्हा वारा असा होता की सगळ्या फिती एका दिशेला ताठ. रूममेटची धाकटी बहीण फीत बांधताना डोळे मिटून बराच वेळ उभी होती. नंतर विचारलं काय मागितलंस, तर म्हणाली, "मॉस्कोत नोकरी."

---

निंबोणी

हाहा. आमच्याकडे वडाला दोरा बांधून 'पुण्यात फ्लॅट' मागतात.

---

हुबळीकर

मंगोलियाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. माझा मित्र खाणकामासाठी उलानबातरला तीन वर्षं होता. तिथे तान्ह्या बाळाला रात्री बाहेर काढताना कपाळाला, नाकाला चुलीची काजळी लावतात, आणि बाळ गोड आहे म्हणायचं नाही. 'किती कुरूप!' म्हणायचं. याला माहीत नव्हतं, साहेबांच्या नातवाला भरभरून 'क्यूट क्यूट' केलं. सगळं घर गप्प. मग एका म्हातारीनं पुढे होऊन बाळाच्या बाजूला थू थू केलं. दुसऱ्या दिवशी साहेबानं समजावून सांगितलं.

---

कावळा_शिवला_नाही

आमच्या सासूबाई माझ्याबद्दल रोज 'किती कुरूप' म्हणतात. आता कळलं, काळजीपोटी म्हणतात.

---

वाटसरू७

@सागरगोटा, ते काळ्या जिभेचं लामा लोक मान्य करतात का? म्हणजे बौद्ध धर्मात बसतं का हे?

---

सागरगोटा

दोन्ही चालतं. मेदल्ग्च आपल्या पद्धतीनं करते, आणि मंदिरातही शापनिवारणाचं पठण लावता येतं. जुन्या ओइरात लिपीत, १६४८ साली झाया पंडितानं केलेल्या तोदो बिचिगमध्ये, असे ग्रंथ असायचे. एलिस्तात आता जे मोठं सोनेरी मंदिर आहे ना, शाक्यमुनींचं, ते उघडलं २७ डिसेंबर २००५ ला. हद्दपारीच्या वर्षदिनाच्या आदल्या दिवशी. तिथे दाराशी यादी घेऊन बसलेले असतात, कुठल्या त्रासाला कुठलं पठण ते ठरवतात. एज तिकडे गेली की आधी पठणाची पावती फाडायची आणि मग घरी येऊन शेजारणीलाही बोलवायची. मी विचारलं, दोन्ही कशाला? म्हणाली, "मंदिर पुन्हा बंद झालं तर?"

---

तर्कट

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

---

ताकभात

तो मिठाचा चहा कसा करतात ते लिहा हो. उद्या रविवार.

---

सागरगोटा

जोम्बा. खरा तो विटेच्या चहाचा, पानं-काड्या दाबून केलेली वीट फोडून. इथे मिळणार नाही, साधी जाड पत्ती घ्या, मसाला चहाची भुकटी नको. पाण्यात पत्ती चांगली उकळायची, पाच-सात मिनिटं. मग दूध, पाण्याच्या निम्म्याहून थोडं जास्त चालेल. मीठ चवीपुरतं, आधी कमी. पुन्हा उकळी. जायफळ किसून चिमूटभर. शेवटी लोणी. आणि महत्त्वाचं म्हणजे पळीनं उंचावरून ओतत राहायचं, वर उचल, खाली सोड, खूपदा. एज मोजायची नाही, हात दुखेपर्यंत करायची. पहिला वाडगा बाजूला काढून ठेवा, बाकी तुम्ही प्या. सोबत तळलेलं काही, त्यांच्याकडे बोर्त्सोग असतात. आपली शंकरपाळी चालेल, पण गोड नको.

---

ताकभात

केला. हात दुखेपर्यंत ओतला. पहिला वाडगा देव्हाऱ्यासमोर ठेवला. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, साखरेच्या डब्यात मीठ कुणी भरलंय, आणि ओट्यावर एवढा चहा सांडून ठेवलाय तो कोण पुसणार.

---

निंबोणी

जायफळ जरा जास्त घाला, मीठ लपतं. मी दोनदा केला आज.